वारंवार बंद-चालू होणारं युनिट आणि जनरेटर रोटर : नुकसान नेमकं कुठे होतं?

रात्रपाळी

नमस्कार. मी विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. युनिट २१० मेगावॅटचं, ऐंशीच्या दशकातलं. स्टेटरचं (स्थिर भागाचं) वाइंडिंग पाण्यावर थंड होतं, रोटर (फिरणारा भाग) हायड्रोजनवर, वेग ३००० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), एक्सायटेशन (रोटरला चुंबक करणाऱ्या करंटचा पुरवठा) स्टॅटिक.

पूर्वी हे युनिट एकदा ग्रिडला लागलं की बॉयलरची ट्यूब फुटेपर्यंत थांबायचं नाही. आता मेरिट ऑर्डरमध्ये (स्वस्त वीज आधी घेण्याच्या यादीत) आम्ही खाली गेलो आहोत. पाऊस सुरू झाला, शेतीपंप बंद झाले, दुपारचं सोलर भरून आलं की एसएलडीसीचा (राज्य भार प्रेषण केंद्राचा) निरोप येतो आणि युनिट रिझर्व्ह शटडाऊनला (मागणी नाही म्हणून बंद) जातं. मग चार-सहा दिवस बारिंगवर (रोटर संथ फिरवत ठेवून), परत लाइट-अप (बॉयलर पेटवणं), रोलिंग (वेग चढवणं), सिंक्रोनायझेशन (ग्रिडला जोडणं). गेल्या दोन वर्षांतले स्टार्ट त्याआधीच्या दहा वर्षांपेक्षा जास्त भरतील.

पुढच्या ओव्हरहॉलचं नियोजन चालू आहे. रोटर बाहेर काढून रिटेनिंग रिंगसकट (टोकाच्या कॉइल धरणाऱ्या रिंगसकट) तपासावा असं मी मांडलं. वरिष्ठांचं म्हणणं असं की टर्बाइनचं ठीक आहे, तिथे ५३५ डिग्रीची वाफ आहे. जनरेटरचा रोटर ठोस फोर्जिंग (घडवलेल्या पोलादाचा अखंड तुकडा), जेमतेम शंभर डिग्रीला चालतो, त्याला बंद-चालूने काय होणार? रोटर न काढता आठ-दहा दिवस वाचतील.

दुसरी गोष्ट. वर्षभरापासून एक्सायटर बाजूच्या बेअरिंगचं व्हायब्रेशन फील्ड करंटबरोबर (रोटरच्या वाइंडिंगमधल्या करंटबरोबर) हलतंय. १८०० अँपिअरला ५० मायक्रॉनच्या आसपास असतं, २४०० ला नेलं की तास-दीड तासात ७५ पर्यंत चढतं, करंट उतरवला की खाली येतं. मेगावॅट तेच ठेवून फक्त एमव्हीएआर (रिॲक्टिव्ह पॉवर) बदलून पाहिले, तरी असंच.

या दोन गोष्टींचा संबंध आहे का? आणि मीटिंगमध्ये मी नेमकं काय मागावं?

जुना वाइंडर

रात्रपाळी, तुमचा आग्रह बरोबर आहे आणि तो सोडू नका. माझी सगळी नोकरी जनरेटरच्या रोटरपाशी गेली, आधी रिवाइंडिंगला आणि मग साइटवर ओव्हरहॉलला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शंभर डिग्रीला काही होत नाही हे म्हणणं क्रीपपुरतं खरं आहे. टर्बाइनचं पोलाद ५३५ डिग्रीला हळूहळू ताणलं जातं, तसं जनरेटरच्या फोर्जिंगचं होत नाही. पण फटीगला, म्हणजे धातूच्या थकव्याला, तापमान लागत नाही. त्याला भाराचं चढणं-उतरणं लागतं, आणि जनरेटर रोटरवरचा सगळ्यात मोठा भार मेगावॅटचा नसून वेगाचा असतो. साधा हिशोब मांडा. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३१४ रेडियन. मध्यापासून ४५ सेंटिमीटरवर बसलेल्या १ किलो तांब्यावर या वेगाला जो सेंट्रिफ्युगल जोर येतो तो त्याच्या वजनाच्या साधारण ४५०० पट भरतो. एका किलोमागे साडेचार टन. युनिट महिनाभर सलग चाललं तर हा भार एकदा चढतो, एकदा उतरतो. रोज रात्री बंद केलं तर तीस वेळा. जनरेशनच्या रिपोर्टात तास मोजले जातात, आणि हे तीस कुठेच दिसत नाहीत.

हा जोर अडवतं कोण? स्लॉटमध्ये (रोटरवर कोरलेल्या खाचेत) तांब्याला वेज (पाचरी) धरतात आणि वेजना रोटरचे दात. पण दोन्ही टोकांना, जिथे कॉइल वळतात, तिथे दात नाहीत. तिथे रिटेनिंग रिंग असते. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव तापवून चढवतो तशीच ही रिंग तापवून बसवतात आणि थंड झाली की ती आवळते. म्हणजे मशीन बंद असतानाही ती ताणाखालीच असते. वेग चढतो तशी ती स्वतःच्या आणि आतल्या तांब्याच्या जोराने फुगते आणि बसणीची पकड ढिली होत जाते. थांबताना पुन्हा घट्ट. दर स्टार्ट-स्टॉपला बसणीच्या जागी सूक्ष्म घासण होते, आणि लॉकिंगच्या खाचेच्या कोपऱ्यात ताण गोळा होतो. चीर धरायला अशीच जागा लागते.

तुमच्या मशीनचं वय पाहता आणखी एक गोष्ट ताबडतोब शोधा : रिंग कोणत्या पोलादाची आहे? त्या काळच्या बऱ्याच रिंगा १८ टक्के मँगनीज आणि ५ टक्के क्रोमियमच्या आहेत. हे पोलाद ताकदीला उत्तम, पण ओलाव्यात ताणाखाली राहिलं की आतून चिरत जातं. म्हणूनच पुढे १८-१८ आलं, मँगनीजही १८ आणि क्रोमियमही १८, ज्याला ओलाव्याचा हा त्रास जवळपास नाही. तुमची रिंग १८-५ असेल तर रिझर्व्ह शटडाऊनचे दिवस तिला चालण्याच्या दिवसांपेक्षा जास्त महागात पडतात. कारण बघा : हायड्रोजन ड्रायरमधून वायू फिरवायला बऱ्याच मशीनवर रोटरच्याच पंख्याचा दाब वापरलेला असतो. रोटर थांबला की ड्रायर पॅनलवर चालू दिसतो, पण त्यातून वायू जातच नाही. सील ऑइलमधून ओलावा येतच राहतो. तुमच्या ड्रायरला स्वतःचा ब्लोअर आहे का ते आजच जाऊन बघा, आणि बारिंगवर असताना केसिंगमधल्या वायूचा ड्यू पॉइंट (ओलावा किती ते सांगणारं तापमान) लॉगशीटवर घ्यायला सुरुवात करा.

आता तांबं. माझ्या मते वारंवार बंद-चालूमुळे सगळ्यात आधी हेच बिघडतं, आणि चर्चेत सगळ्यात शेवटी येतं. रोटर बॉडी पाच मीटरची धरा. तांबं ८० डिग्रीने तापलं तर साधारण ६.८ मिलिमीटर वाढायला बघतं. पोलाद ५० डिग्रीने तापलं तर ३ मिलिमीटर. फरक जवळजवळ ४ मिलिमीटरचा. मशीन थांबलेलं असतं तर तांबं सरकलं असतं. पण आधी वेग येतो, मग करंट येतो; म्हणजे तांबं तापायच्या आधीच साडेचार टनांच्या हिशोबाने वेजला दाबून धरलेलं असतं. घर्षण त्याला सरकू देत नाही. मग ते जागच्या जागी दबतं, आणि थोडं कायमचं दबतं. बंद केल्यावर वेग जातो, पकड सुटते, तांबं थंड होऊन आकसतं आणि मूळ लांबीपेक्षा किंचित आखूड होऊन बसतं. पुढच्या स्टार्टला परत तेच. तांब्यात साधारण ०.१ टक्का चांदी घालायची पद्धत यासाठीच रुजली, त्याने मऊपणा कमी होतो, पण मूळ कारण जात नाही.

मी उघडलेल्या रोटरांपैकी एक अजून डोळ्यासमोर आहे. रिंग उतरवल्यावर टोकाच्या कॉइलकडे पाहिलं तर वरचे टर्न (तांब्याचे वेढे) खालच्या टर्नपेक्षा स्पष्ट आत सरकलेले, कोपरे एका रेषेत नाहीत. मधला इन्सुलेशनचा पट्टा एका बाजूने बाहेर आलेला, दुसऱ्या बाजूला तांब्याला तांबं भिडायला नखाइतकीच जागा. आणि मेन लीडच्या वळणावर, जिथे कॉइलमधून येणारा तांब्याचा पत्रा खाली स्टडकडे वळतो, तिथे आतल्या बाजूला केसासारखी काळी रेघ. पत्रा हलकाच वाकवला तर रेघ उघडली. अर्ध्यापेक्षा जास्त जाडी गेलेली होती. त्या मशीनवर अर्थ फॉल्टचा (वाइंडिंग रोटरच्या पोलादाला भिडल्याचा) अलार्म एकदाही आलेला नव्हता. उरलेल्या तांब्यातून सगळा फील्ड करंट जात होता. ते तुटलं असतं तर आर्क थेट फोर्जिंग किंवा रिंग जाळत गेला असता. पहिला अर्थ फॉल्ट आला तरी मशीन चालवत राहायचं, ही जुनी सवय मला मान्य नाही ती यामुळे. पहिला फॉल्ट म्हणजे फक्त मळलेलं इन्सुलेशन असं धरून चालता येत नाही, तो तुटलेला कंडक्टरही असू शकतो.

राहिलं ठोस फोर्जिंग. ते ठोस आहे, पण त्यात स्लॉट कोरलेले आहेत आणि स्लॉटच्या तोंडाशी वेजसाठी खांदे आहेत. वेज एकसंध नसतात, तुकडे एकापुढे एक बसवलेले असतात. दोन तुकडे जिथे भिडतात, बरोबर तिथे दाताच्या खांद्यावर घासण होते आणि तिथून आडवी चीर सुरू होऊ शकते. इथे दोन वेगवेगळे फटीग एकमेकांच्या हातात हात घालतात. स्टार्ट-स्टॉपचा मोठा भार चीर सुरू करतो आणि हळूहळू वाढवतो. रोटर स्वतःच्या वजनाने मधे किंचित झुकलेला असतो, म्हणून प्रत्येक फेरीत त्याचा वरचा भाग दबतो आणि खालचा ताणला जातो. तासाला १ लाख ८० हजार वेळा, दिवसाला ४३ लाख २० हजार वेळा. एरवी हा ताण किरकोळ असतो, चीर लहान असताना तिला हलवतही नाही. पण चीर एका मर्यादेपलीकडे गेली की हाच किरकोळ ताण तिला ओढायला लागतो, आणि मग वर्षांचा हिशोब आठवड्यांवर येतो.

एकूण तासांपेक्षा स्टार्ट महत्त्वाचे कसे, हे मीटिंगमध्ये पटवायला एक घटना सांगा. १९ जून १९७४ रोजी अमेरिकेत टेनेसी व्हॅली अथॉरिटीच्या गॅलाटिन केंद्रात दुसऱ्या युनिटचा टर्बाइन रोटर कोल्ड स्टार्टमध्ये फुटला. ६० हर्ट्झचं मशीन, ३६०० आरपीएमपर्यंत पोचायच्या आतच. तोवर ते सुमारे १ लाख ६ हजार तास चाललेलं होतं आणि एकूण स्टार्ट २८८. मध्याच्या बोअरजवळ (भोकाजवळ) गंधकयुक्त अशुद्धींचा पुंजका होता, तिथून क्रीप आणि स्टार्ट-स्टॉपच्या फटीगने चीर वाढत गेली. तो टर्बाइनचा रोटर होता आणि फोर्जिंग जुन्या पद्धतीचं, हे मान्य. तुमच्या रोटरचं असंच होईल असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की इतके तास सुखरूप चाललेला रोटर गेला तो सलग चालताना नाही, थंड अवस्थेतून वेग घेताना.

मानकातही हे आहे. आयईसी ६००३४-३ मध्ये टर्बोजनरेटरच्या रोटरने आयुष्यात किमान ३००० स्टार्ट सोसावेत असं धरलेलं आहे, आणि रोज बंद-चालूसाठी बनवलेल्या मशीनला १०,०००. बेस लोडच्या युनिटला वर्षाला दहा-बारा स्टार्ट धरले तर ३००० हा आकडा कधी आठवणारच नाही. वर्षाला ३०० झाले तर दहा वर्षांत खातं संपलं. तुमचं अजून त्याच्या जवळपासही नसणार. पण ऐंशीच्या दशकात हा रोटर बनवताना कोणाच्या डोक्यात दुपारचं सोलर नव्हतं, आणि आजवर नेमके किती स्टार्ट झाले हे तुमच्या केंद्रात एका जागी लिहिलेलं असेल याबद्दल मला शंका आहे. कंट्रोल रूमची जुनी लॉगबुकं काढा आणि मोजा. किती कोल्ड, किती हॉट, किती ट्रिप फुल लोडवरून. मीटिंगला जाताना पहिला कागद हाच न्या.

आता व्हायब्रेशन. मेगावॅट स्थिर, फक्त फील्ड करंटबरोबर चढ-उतार, आणि तोही तास-दीड तासाच्या उशिराने. म्हणजे रोटर तापून वाकतोय. करंट उतरवल्यावर परत मूळ जागी येतं हे महत्त्वाचं आहे. तांबं कुठे तरी अडकून मग झटक्याने सुटत असतं तर व्हायब्रेशन वर जाऊन बहुधा तिथेच राहिलं असतं, पुढच्या शटडाऊनपर्यंत. तुमच्या लक्षणांवरून दोन संशय येतात : शॉर्ट झालेले टर्न, किंवा हायड्रोजनच्या काही वाटा बुजलेल्या. ज्या पोलमध्ये (चुंबकाच्या ध्रुवात) टर्न शॉर्ट आहेत तिथे उष्णता कमी तयार होते, समोरचा पोल जास्त तापतो, आणि रोटर गरम बाजूकडे वाकतो. आणि हो, संबंध आहे. शॉर्ट टर्न होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे वर सांगितलेलं सरकलेलं तांबं.

आधी कमिशनिंगची (मशीन पहिल्यांदा चालू केलं तेव्हाची) व्ही-कर्व्ह शोधा, म्हणजे कोणत्या आउटपुटला किती फील्ड करंट लागतो त्याचा आलेख. त्यातला एक पॉइंट धरा, तेच मेगावॅट, तेच एमव्हीएआर, तोच टर्मिनल व्होल्टेज, आणि आज फील्ड करंट किती लागतो ते बघा.

घाटमाथा

वाइंडर सरांचं वाचताना आमच्याकडचं आठवत गेलं. मी कोयनेच्या बाजूला जलविद्युतवर आहे. औष्णिकवाल्यांना जे आता नव्याने भोगावं लागतंय ते आमचं पहिल्यापासूनचं जगणं आहे. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी दिलंय. कोयनेची सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट, आणि तेवढं पाणी जूनपासून पुढच्या मेपर्यंत पुरवायचं. साहजिकच पीकला मशीन चढवायची, पीक उतरला की बंद. घाटघरच्या उदंचनात तर तेच मशीन एकदा पाणी खाली सोडताना आणि एकदा वर चढवताना उलट्या दिशेने फिरतं, म्हणजे दिवसाला किमान दोन स्टार्ट ठरलेलेच.

पण आमचा रोटर मुळातच वेगळा. व्यास मोठा, वेग कमी, पोल सुटे. प्रत्येक पोल रिमच्या खाचेत टी-आकाराच्या किंवा डव्हटेल मुळाने अडकवून किल्ल्या ठोकून बसवलेला. त्यामुळे फटीगच्या जागा वेगळ्या : पोलची मुळं, रिमच्या किल्ल्या, डॅम्पर बारचे ब्रेझिंगचे सांधे, आणि सगळ्यात जास्त त्रास देणारी, दोन पोलमधली तांब्याची लवचीक जोडणी. ती पातळ पत्र्यांच्या थरांची असते. दर स्टार्टला पोल किंचित बाहेर जातो, दर स्टॉपला आत येतो, आणि जोडणी वाकत राहते. बाहेरचा पत्रा आधी तुटतो, मग त्याच्या आतला. लांबून सगळं शाबूत दिसतं. आम्ही रोटर हाताने फिरवत एकेक जोडणी टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघतो आणि पत्र्यांमध्ये नख घालून थर उघडतो. तिरपा उजेड महत्त्वाचा, समोरून टाकलेल्या उजेडात चीर दिसत नाही. शिवाय पोल ड्रॉप टेस्ट (प्रत्येक पोलवरचा व्होल्टेज मोजणं) आणि जोडणीचा रेझिस्टन्स दरवर्षी.

लोड रिजेक्शन (अचानक लोड सुटणं) झालं की गव्हर्नर आवरेपर्यंत आमचं मशीन वेगाच्या बरंच वर जातं. सेंट्रिफ्युगल भार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग ४० टक्के वर गेला तर भार जवळपास दुप्पट. अशी एक घटना अनेक साध्या स्टार्टांना भारी पडते. म्हणून आमच्या रजिस्टरात स्टार्टबरोबर रिजेक्शनच्या वेळचा कमाल वेगही लिहिला जातो. तुम्हीही ओव्हरस्पीड टेस्ट वेगळ्या रकान्यात लिहा.

फटीग रोटरपुरता धरू नका एवढंच सांगतो. रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया केंद्रात १७ ऑगस्ट २००९ ला दुसऱ्या युनिटच्या टर्बाइन कव्हरचे स्टड तुटले आणि ७५ माणसं गेली. स्टडच्या मोडलेल्या पृष्ठभागांवर फटीगच्या खुणा होत्या. ग्रिड सांभाळण्यासाठी ते युनिट वरखाली करत, व्हायब्रेशनच्या निषिद्ध पट्ट्यातून पुन्हा पुन्हा नेलं जात होतं.

रात्रपाळी

दोघांचेही मनापासून आभार. वाइंडर सर, लॉगबुकं काढायला सुरुवात केली. ड्रायरचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं. स्वतःचा ब्लोअर नाही, पंख्याच्या दाबावरच आहे.

आणखी दोन गोष्टी विचारतो. मागच्या ओव्हरहॉलच्या फोटोंमध्ये रोटरच्या टोकाला, हायड्रोजनच्या वाटांपाशी, तांबूस-काळपट बारीक पूड दिसते. तेव्हा कोणी लक्ष दिलं नव्हतं, पुसून टाकली. ती काय असेल? आणि दुसरं, आता ४० टक्क्यांपर्यंत लोड उतरवायचं चाललंय. बॉयलरची मंडळी त्याला फार नाखूश आहेत. रोटरच्या दृष्टीने बंद करणं बरं की ४० टक्क्यांवर रेटणं?

जुना वाइंडर

ती पूड तांब्याचीच असण्याची दाट शक्यता आहे, आणि ती चालताना नाही तर बारिंगवर होते. पूर्ण वेगाला तांबं वेजला दाबलेलं असतं, हलत नाही. बारिंगच्या संथ वेगाला सेंट्रिफ्युगल जोर नगण्य, त्यामुळे रोटर अर्धा फेरा फिरला की स्लॉटमधलं तांबं स्वतःच्या वजनाने खाली पडतं, उरलेला अर्धा फेरा झाला की परत. जिथे एक टर्न दोन पट्ट्यांचा मिळून केलेला असतो तिथे पट्टीवर पट्टी घासत राहते. चार-सहा दिवस बारिंग म्हणजे हे हजारो वेळा. पूड टर्नच्या मधे साठते, आणि शॉर्ट टर्नला दुसरं कारण मिळतं. पुढच्या वेळी पुसू नका, पांढऱ्या कागदावर गोळा करून प्रयोगशाळेत द्या. तांबं निघालं तर तुमचं म्हणणं आपोआप सिद्ध होतं.

म्हणून बारिंग बंद करा असं मात्र नाही. टर्बाइनचा रोटर गरम असताना थांबवला तर वाकेल. टर्बाइनला जितकं लागतं तितकं बारिंग द्यायचंच. पण केसिंगचं मेटल उत्पादकाने दिलेल्या तापमानाच्या खाली आल्यावरही "असू दे चालू" म्हणून आठवडाभर फिरवत ठेवायचं, ते टाळा. लवकर स्टार्टचा निरोप यायची शक्यता असेल तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे. जनरेटर रोटरसाठी ४० टक्क्यांवर चालणं बंद करण्यापेक्षा कितीतरी बरं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळशाच्या युनिटला ४० टक्क्यांचं किमान लोड घालून दिलं आणि लोड चढवण्या-उतरवण्याचे दरही ठरवले, ७० ते १०० टक्क्यांमध्ये मिनिटाला ३ टक्के, ५५ ते ७० मध्ये २, आणि ४० ते ५५ मध्ये १. यात रोटर ३००० वरच राहतो. रिंग बसणीवर हलत नाही, सेंट्रिफ्युगल भार उतरत नाही, ड्रायर चालू राहतो. बदलतो तो फक्त फील्ड करंट, म्हणजे तांब्याचं तापमान, आणि तेही पूर्ण बंदच्या मानाने थोडं. बॉयलरच्या मंडळींची अडचण खरी आहे. कमी लोडला ज्वाला स्थिर ठेवणं, ट्यूबांचं तापमान सांभाळणं हे सोपं काम नाही. पण केंद्राचा निर्णय करताना टेबलावर बॉयलरची बाजू मांडायला चार जण असतात आणि जनरेटरची मांडायला बहुधा एकही नसतो. ती तुम्ही मांडा.

एक मात्र सांभाळा. दुपारी सोलरमुळे लोड कमी आणि ग्रिडचं व्होल्टेज चढलेलं, तेव्हा तुम्हाला एमव्हीएआर ओढायला सांगतील. फील्ड करंट कमी होतो, रोटरला आराम मिळतो, पण स्टेटरच्या टोकाचा कोअर तापतो. कॅपॅबिलिटी कर्व्हच्या (मशीन सुरक्षित चालवण्याच्या मर्यादांच्या आलेखाच्या) डाव्या बाजूला किती जायचं याची मर्यादा पाळा.

आणि स्टार्ट वाढले म्हणजे सिंक्रोनायझेशनही वाढलं. ब्रेकर लावताना अँगल १० डिग्रीच्या आत, व्होल्टेजचा फरक ० ते ५ टक्के, स्लिप (फ्रीक्वेन्सीचा फरक) ०.०६७ हर्ट्झच्या आत. चुकीच्या अँगलला एकदा ब्रेकर बसला तर शाफ्टला पीळ बसतो, आणि तो पुढे भेग बनून दिसायला वर्षं लागू शकतात. सिंक्रो-चेक रिले शेवटचा कधी कॅलिब्रेट झाला ते बघून ठेवा.

प्रोब आणि जेल

मी रोटरांची अल्ट्रासॉनिक तपासणी (यूटी) करते, म्हणून त्या बाजूने थोडं. वेळ वाचवायला "रिंग न काढता यूटी करून घेऊ" असा पर्याय तुमच्यासमोर येईल. तो अगदीच वाया नाही, पण त्यातून काय मिळतं ते समजून घ्या. रिंग बसलेली असताना बाहेरून प्रोब लावला की आतल्या पृष्ठभागावरून सिग्नल येतात. त्यात बसणीच्या कडेचा सिग्नल असतो, इन्सुलेशनच्या काठाचा असतो आणि भेगेचा असला तर तोही त्यातच. कडेला लागून असलेली उथळ भेग या गर्दीत हरवू शकते. रिंग १८-५ ची निघाली, इतकी वर्षं सेवेत, आणि बंद असताना ड्रायर चालत नव्हता, एवढं कळल्यावर मी तरी रिंग उतरवूनच आतून पेनिट्रंट (भेगेत शिरणाऱ्या रंगाची तपासणी) मागेन. ती तपासणी करताना पाण्यावर आधारित काही वापरू देऊ नका, आणि उतरवलेली रिंग उघड्यावर दमट हवेत ठेवू नका.

दातांच्या खांद्यांसाठी फेज्ड ॲरे (अनेक कोनांतून बघणारी अल्ट्रासॉनिक तपासणी) आहे. प्रोब दातावर वरून ठेवून वेजचे सांधे एकेक करून बघता येतात, वेज न काढता. मात्र एखाद्या स्लॉटचे काही वेज काढून तिथे एडी करंटचा प्रोब फिरवून खात्री करून घ्यावी. टोकाकडचे सांधे आधी निवडा.

कामाच्या ऑर्डरमध्ये एक ओळ नक्की घाला : स्कॅनचा कच्चा डेटा केंद्राकडे द्यायचा. अहवालात "स्वीकारार्ह" एवढंच लिहिलं तर पाच वर्षांनी येणाऱ्याला तुलना करायला काही उरत नाही. तोच सांधा, तोच प्रोब, तेच सेटिंग, तेव्हा काय दिसत होतं आणि आता काय दिसतं, यावरून चीर वाढते आहे की नाही हे सांगता येतं.

रात्रपाळी

व्ही-कर्व्ह सापडली. कमिशनिंगच्या फाइलमध्ये हाताने काढलेली आहे. तेच मेगावॅट, तेच एमव्हीएआर, १५.७५ केव्हीला तेव्हा २१८० अँपिअर, काल २२५०. शंट आणि मीटर दोन्ही तपासून घेतले. पोर्टेबल मीटर लावूनही २२४५ च्या आसपास येतोय.

जुना वाइंडर

म्हणजे साधारण तीन टक्के जास्त. दोन्ही पोल मिळून शंभराच्या आसपास टर्न असतील तर एक टर्न शॉर्ट झाला की तेवढ्याच आउटपुटला जवळपास एक टक्का करंट जास्त लागतो. तुमच्या रोटरचे टर्न मॅन्युअलमधून मोजून घ्या. हायड्रोजनच्या वाटा बुजल्या असत्या तर व्हायब्रेशन हललं असतं, पण फील्ड करंट वाढला नसता. तुमचे दोन्ही आहेत, म्हणून मी शॉर्ट टर्नकडे झुकतो.

ओव्हरहॉलची वाट बघू नका. पुढच्या रिझर्व्ह शटडाऊनला, रोटर न काढता, ब्रश उचलून स्लिप रिंगांवर आरएसओ टेस्ट (वाइंडिंगच्या दोन्ही टोकांनी पल्स सोडून ट्रेस ताडायची चाचणी) लावा. दोन्ही बाजूंचे ट्रेस एकमेकांवर न बसता वेगळे झाले तर शॉर्ट आहे, आणि कुठे वेगळे होतात त्यावरून कोणती कॉइल हेही कळेल. पण थांबलेल्या रोटरवर ट्रेस नीट बसले तरी निश्चिंत होऊ नका. वेगामुळे दाबले जाणारे टर्न थांबल्यावर सुटतात आणि शॉर्ट नाहीसा होतो. म्हणून उत्पादकाच्या माणसाला बोलावून, एक्सायटेशनची केबल सोडवून, मशीन वेगावर असताना आणि उतरताना मधल्या एक-दोन वेगांनाही आरएसओ घ्या. त्याच वेळी कोस्ट-डाऊनचा (वेग उतरतानाचा) बोडे प्लॉट (वेगानुसार व्हायब्रेशनचा आलेख) जपून ठेवा, १एक्स आणि २एक्स (फेरीला एकदा आणि दोनदा होणारं व्हायब्रेशन) दोन्ही. क्रिटिकल स्पीडच्या (रोटर सगळ्यात जास्त थरथरतो त्या वेगाच्या) अर्ध्यावर २एक्सचं शिखर किती उंच येतं ते जुन्या प्लॉटशी ताडून बघा. शॉर्ट टर्नने ते वाढत नाही. ते वाढलेलं दिसलं तर आडव्या भेगेचा संशय धरायचा, आणि रोटरची तपासणी होईपर्यंत युनिट परत रोल करायचं नाही.

हे ट्रेस, व्ही-कर्व्हची तुलना, स्टार्टचा तक्ता आणि ड्यू पॉइंटची लॉगशीट एवढे कागद घेऊन मीटिंगला जा. आरएसओचे ट्रेस इथेही टाका, स्लिप रिंगची कोणती बाजू कोणत्या रंगात आहे ते लिहून.